मोबाईल हातात असताना चित्रकलेचं पुस्तक कशाला? रेखाटन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

फोनवर ‘हात’ असं शोधलं की क्षणात शेकडो फोटो समोर येतात. मग पुस्तकावर पैसे का घालायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण फोटोत सुरकुत्या, शिरा, नखं, अंगठीची चमक सगळं एकदमच दिसतं आणि त्यातलं काय सोडायचं ते फोटो सांगत नाही. चांगल्या पुस्तकात ती निवड कुणीतरी आधीच केलेली असते: तळहाताचा चपटा ठोकळा, त्याला तिरकी बसवलेली अंगठ्याची पाचर, बोटांच्या मुळांची कमान. बाकी सगळं नंतर. नवशिक्याला नेमकी हीच निवड जमत नसते, म्हणून पुस्तक अजूनही कामाचं आहे.

त्याची उणीवही तेवढीच मोठी आहे. पुस्तक तुमची चूक दाखवत नाही. ती दिसावी अशी सोय तुम्हालाच करावी लागते. ती न केल्यामुळेच बरीच पुस्तकं पहिल्या वीस पानांनंतर कपाटात जातात. खालची पाचवी पायरी त्यासाठी आहे; घाई असेल तर तिथूनच वाचा.

१. पुस्तक कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

दुकानात सगळी पुस्तकं एकाच कप्प्यात असतात, पण त्यांची कामं वेगळी.

रचना शिकवणारी पुस्तकं आकृती उभी कशी करायची ते दाखवतात: गोळा, ठोकळा, नळकांडं, मग त्यावर तपशील. पहिलं पुस्तक याच जातीचं हवं. अँड्र्यू लूमिस यांचं मानवाकृतीवरचं १९४३चं पुस्तक आजही शिकवणारे सुचवतात, कारण त्यात प्रमाण, तोल आणि पर्स्पेक्टिव्ह (अंतराप्रमाणे आकार कसे लहान-मोठे दिसतात त्याचे नियम) एकत्र येतात. त्यातली आदर्श आकृती आठ डोक्यांची आहे, म्हणजे पूर्ण उंची डोक्याच्या उंचीच्या आठपट. मंडईत भाजी घेणारा माणूस मोजलात तर साडेसातच्या आसपास भरेल, कधी सातच. आठचा आकडा देखणेपणासाठी घेतलेला आहे हे माहीत नसलं, की समोरचा खरा माणूसच चुकीचा वाटायला लागतो.

तक्त्यांची पुस्तकं म्हणजे हाडं, स्नायू, प्राण्यांचे सांगाडे, स्तंभ-कमानींचे नमुने. ही सलग वाचायची नसतात. अडलं की उघडायची. जॉर्ज ब्रिजमन यांची शरीररचनेची पुस्तकं या दोन जातींच्या मधली: स्नायूंचे ठोकळे करून ते एकमेकांत पाचरीसारखे कसे अडकतात ते दाखवणारी. विचार उत्तम, पण रेषा मुद्दाम ताणलेल्या आणि जाड. पहिल्याच वर्षी ती हुबेहूब उतरवायला घेतली तर आपली माणसं दगडातून फोडून काढल्यासारखी दिसतात. वर्षभर थांबा.

फोटोंची पुस्तकं ही तिसरी जात. इथे मात्र फोनने बाजी मारली आहे. अपवाद म्हणजे हालचालींचे क्रमवार फोटो. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८मध्ये धावत्या घोड्याचे फोटो ओळीने टिपले, तेव्हा दिसलं की चारही खूर हवेत असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. तोवर चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून घोडा उडवत होते. माणसाचं चालणं, जिना चढणं, बादली उचलणं यांचे त्यांचे तक्ते अजूनही उपयोगी पडतात, कारण एकाच हालचालीचे टप्पे एकाच पानावर शेजारी शेजारी दिसतात.

आणि ‘चार पायऱ्यांत वाघ’ छापाची पुस्तकं? लहान मुलांना मजेसाठी द्या. त्यातून तोच एक वाघ येतो, दुसरा येत नाही.

२. विकत घेण्याआधी दहा मिनिटं चाळा

प्लास्टिकमध्ये बंद प्रत असेल तर उघडलेली प्रत मागा. मग या गोष्टी पाहा.

मधल्या पायऱ्या आहेत का? पहिल्या आकृतीत अंडाकार आणि दुसऱ्या आकृतीत पापण्यांसकट चेहरा असेल तर मधलं सगळं तुमच्यावर सोडलेलं आहे. एकच वस्तू निदान तीन कोनांतून काढलेली हवी: समोरून, बाजूने आणि वरून किंवा खालून. हातापायांची पानं किती आहेत ते मोजा. ज्या पुस्तकातली माणसं सारखी हात खिशात घालून आणि गवतात उभी असतात, ते लगेच ठेवून द्या.

मग छपाई. छायाप्रकाशाच्या एखाद्या चित्रात सर्वांत गडद जागा शोधा. तिथे सावलीतला आकार अजून ओळखू येतो की नुसता काळा डाग आहे? स्वस्त पुनर्मुद्रणात मधल्या छटा गिळल्या जातात. रेषांच्या पुस्तकात हे चालून जातं, छटांच्या पुस्तकात नाही.

शेवटी बांधणी. पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहत नसेल तर एका हाताने पान दाबून चित्र काढावं लागतं आणि आठवड्यात कंटाळा येतो. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं पुस्तक असेल तर झेरॉक्सवाल्याकडून पाठ कापून स्पायरल करून घ्या. पुस्तकप्रेमींना हे पाप वाटेल, पण हे वापरायचं पुस्तक आहे. मात्र दोन पानांवर पसरलेली चित्रं असतील तर मधले काही मिलिमीटर जातात, तेवढं आधी पाहा.

३. पुण्यात शोधायचं कुठे

सुरुवात अप्पा बळवंत चौकातून. नवी पुस्तकं, जुनी पुस्तकं आणि कागद-पेन्सिली तिन्ही एकाच फेरीत होतात. जूनमध्ये मात्र शाळेच्या पुस्तकांच्या गर्दीत कुणी तुमच्याकडे बघणार नाही. दुपारच्या वेळी जायचं तर काही दुकानं विश्रांतीला बंद असतात, हे पुणेकराला सांगायला नको, बाहेरून आलेल्याने लक्षात ठेवावं.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘ड्रॉइंगची पुस्तकं’ एवढंच विचारलं तर ग्रेड परीक्षेच्या पुस्तिका समोर येतात. ‘अ‍ॅनाटॉमी’, ‘फिगर’, ‘पर्स्पेक्टिव्ह’ असं नेमकं विचारा. आर्किटेक्चरच्या गठ्ठ्यातही बघा. पर्स्पेक्टिव्हची उत्तम पुस्तकं तिथे पडून असतात. रद्दीच्या दुकानात नशिबाचा भाग जास्त, पण जुनी रंगीत मासिकं वजनावर मिळतात आणि कापडाच्या घड्या, वेगवेगळ्या वयाचे चेहरे यांचा सराव त्यावर छान होतो.

जुनी प्रत घेताना पानांचे क्रमांक तपासा. आर्ट पेपरवरची रंगीत पानं कापून घेतलेली असू शकतात. तक्त्यावर कुणी पेनाने गिरवलं असेल तर ते पान गेलं समजा, कारण मूळ रेषेची जाडी-बारीकी दिसत नाही. कसर आणि बुरशीचा वास असेल तर बाकीच्या पुस्तकांजवळ ठेवू नका.

पैसे न घालताही सुरुवात होते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं उलटली की पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपतो. ब्रिजमन १९४३मध्ये वारले, मायब्रिज १९०४मध्ये. त्यांचे मूळ तक्ते स्कॅन करून छापायला अडचण नाही. नंतरच्या संपादकाने घातलेली प्रस्तावना किंवा नवी मांडणी मात्र वेगळी गोष्ट आहे.

वाचनालयाचं सभासदत्व घ्यायचं तर बहुतेक ठिकाणी हे लागतं: आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, अनामत रक्कम आणि वर्गणी. संदर्भ विभागातली पुस्तकं सहसा घरी देत नाहीत. तिथे बसून रेखाटन करायचं असेल तर पेन, शाई, रंग घरी ठेवा आणि फक्त पेन्सिल न्या. पानावर कागद ठेवून गिरवू नका, खालच्या पानावर वळ उठतो.

४. सामान

- पेन्सिली एचबी, २बी, ४बी आणि ६बी. बारा पेन्सिलींचा डबा नको. कटरने टोक लांब काढा, शार्पनरचं आखूड टोक आडवं धरता येत नाही.
- ए३ कार्ट्रिज कागद, सुटे २५. गुळगुळीत बाँड पेपरवर ४बी घसरते आणि छटा चढत नाहीत.
- दोन ए३ कागद शेजारी शेजारी मावतील एवढा बोर्ड आणि क्लिपा.
- साधा खोडरबर आणि मळून हवा तसा आकार देता येणारा मऊ खोडरबर.
- ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचे कागद) पाच आणि बारीक टोकाचा मार्कर. स्पिरिटने पुसून पुन्हा वापरता येतात.
- कंपासपेटीतला डिव्हायडर, ३० सेंमीची पट्टी.
- दोरा आणि एक नट. झाला उभी रेषा तपासायचा ओळंबा.

ब्लेंडिंग स्टंप (छटा घासायची कागदाची कांडी) आत्ता घेऊ नका. रेषा चुकलेली असताना छटा घासून गुळगुळीत करणं म्हणजे भेगा पडलेल्या भिंतीला रंग लावणं.

५. एका पानाची मेहनत

लेखाचा गाभा हाच. रोज अर्धा तास दिलात तर एका चांगल्या पानाला आठवडा लागतो. लागू द्या.

पहिल्या दिवशी पानाची झेरॉक्स काढा. ए४ची ए३ करायला मशीनवर १४१ टक्के सांगायचं. मूळ चित्र तळहाताएवढं असेल तर ते निदान २० सेंमी उंच होईल इतकं मोठं करून घ्या. लहान चित्रात मनगटाच्या झटक्यावर निभावून जातं आणि चूक दिसत नाही. झेरॉक्समध्ये मधल्या छटा उडतात, त्यामुळे ती मापासाठी. छटा पाहायच्या त्या पुस्तकातच.

झेरॉक्स बोर्डावर डावीकडे, कोरा कागद उजवीकडे (डावखुऱ्यांनी उलट). बोर्ड ४५ ते ६० अंशांत उभा धरा, मांडीवर टेकवून चालेल. सपाट टेबलावर कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब असतो आणि दबलेला दिसतो. ते भरून काढायला हात नकळत वरचा भाग ताणतो. कागद भिंतीवर लावला की डोकं मोठं दिसतं. पुष्कळांना हा आपल्या नजरेचा दोष वाटतो, असतो टेबलाचा.

आता नक्कल करा, पण बाह्यरेषेने सुरुवात करू नका. सर्वांत वरचा आणि खालचा बिंदू, मग डावा-उजवा, मग मधला सर्वांत मोठा तिरपा उतार. मोठी मापं डोळ्याने घ्या. डिव्हायडर फक्त शेवटी तपासायला. आकार नेमका झेरॉक्सएवढाच ठेवा, कारण पुढची पायरी त्यावर अवलंबून आहे.

ओएचपी शीट झेरॉक्सवर ठेवून मुख्य रेषा मार्करने उतरवा आणि ती शीट तुमच्या चित्रावर ठेवा. दोन कोपरे जुळवा. चूक उघडी पडते. ती कोणत्या प्रकारची आहे ते चित्राच्या कडेला लिहा: सगळं चित्र एकाच दिशेला कललंय का, वरून खाली जाताना आकार आक्रसलाय का (कागद संपत आला की पाय लहान होतात), की एकच अवयव सरकलाय? तीन आठवड्यांची टिपणं शेजारी ठेवलीत की तीच चूक परत परत दिसते. ती तुमची खास चूक. पुढच्या पानाला ती आधी आठवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपशील सोडून फक्त ठोकळे काढा. पुस्तकाने दाखवलेलेच, पण आरपार: मागची कडसुद्धा, जणू वस्तू काचेची आहे. मग पुस्तक मिटा आणि आठवणीतून काढा. चित्र वाईटच येईल. कुठे अडलात ती जागा महत्त्वाची; पुस्तक उघडून फक्त तेवढीच पाहा आणि पुन्हा मिटा.

चौथ्या दिवशी खरी परीक्षा. तेच डोकं, तीच खुर्ची, तोच हात तीस अंशांनी फिरवून काढा. हे पुस्तकात नाही, त्यामुळे नक्कल करता येत नाही. जमलं तर रचना कळली. नाही जमलं तर आत्तापर्यंत फक्त रेषा पाठ झाल्या होत्या, आणि ठोकळ्यांच्या पायरीवर परत जायचं. सगळ्यात जास्त लोक गळतात ते इथे. तेव्हा एका पानावर दोन आठवडे गेले तरी हरकत नाही.

उरलेले दिवस खऱ्या वस्तूसमोर.

६. पान मिटून बाहेर पडा

कोणतं प्रकरण कुठे तपासायचं, याची पुण्यापुरती सोय पाहा.

लंबवर्तुळाच्या (तिरका पाहिलेला गोल जसा दिसतो त्या आकाराच्या) प्रकरणासाठी घरातला पेला पुरे, पण त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरला जा. तिथला नंदीमंडप गोल आहे. थोडं अंतर ठेवून उभं राहिलं की छताची कड डोळ्याच्या पातळीच्या वर असते आणि जोतं खाली. म्हणून छताची समोरची कड वर फुगते आणि जोत्याची खाली. खाली बसा, दोन्ही कमानी बदलतील. डोळ्याच्या पातळीपासून जितकं दूर तितकं लंबवर्तुळ जास्त उघडं, हा पुस्तकातला नियम इथे पायाखाली आणि डोक्यावर एकाच वेळी दिसतो. ते देऊळ आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट सोडून बसा. स्टँड लावायचा असेल तर आधी परवानगी विचारा.

भांड्यांसाठी कसबा पेठेतली तांबट आळी. मात्र चकचकीत तांब्याने सुरुवात नको: त्यात खिडकी, रस्ता, तुम्ही स्वतः असं सगळं उमटतं आणि छायाप्रकाश कळत नाही. पहिल्यांदा मातीचं बोळकं घ्या. घरातली ट्यूबलाइट बंद करून एकच दिवा एका बाजूने, थोडा वरून लावा. उजळ भाग, मधली छटा, गडद सावली, सावलीच्या कडेचा परावर्तित प्रकाश आणि जमिनीवरची पडछाया ही पाचही पुस्तकातली नावं बोळक्यावर ओळखता आली पाहिजेत. परावर्तित प्रकाश नेहमी वाजवीपेक्षा उजळ काढला जातो. तो सावलीतच असतो. उजेडाकडच्या मधल्या छटेपेक्षा गडदच हवा. डोळे बारीक करून बघितलं की कळतं.

इमारतींसाठी बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबाग वाडा. त्याचं लाकडी कोरीवकाम बघून लगेच नक्षीला हात घालू नका. आधी खांबांमधली अंतरं. जवळ उभं राहून दोन लोपबिंदू (लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात ते बिंदू) एकाच कागदावर बसवले, की कोपरा होडीच्या नाळेसारखा पुढे येतो. उपाय सोपा: मोठ्या बोर्डाच्या मध्ये ए४ कागद चिकटवा, लोपबिंदू कागदाबाहेर बोर्डाच्या कडांवर टाचण्यांनी मांडा आणि टाचणीला दोरा बांधून दिशा घ्या. महात्मा फुले मंडईची अष्टकोनी इमारत ही पुढची इयत्ता.

प्राण्यांच्या तक्त्यांसाठी कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहे (बुधवारी बंद), पण तिथवर जायची गरज नाही. टपरीजवळ झोपलेलं कुत्रं पुरतं. त्याच्या मागच्या पायात जो ‘उलटा गुडघा’ दिसतो ती त्याची टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. सांगाड्याचं पान एकदा बघितलं की ही चूक कायमची जाते.

अडकित्ते, दिवे अशा अवघड घाटाच्या वस्तूंसाठी राजा दिनकर केळकर संग्रहालय. रेखाटनाबद्दल तिकीट काढतानाच विचारा.

७. फोन कशासाठी ठेवायचा

स्वतः काढलेल्या फोटोंसाठी. पाश्चात्त्य पुस्तकांत नऊवारीचा काष्टा, फेटा, मांडी घालून बसलेला माणूस किंवा उकिडवं बसून भांडी घासणारी बाई सापडणार नाही. घरच्यांना बसवा, कोट-टायच्या घड्यांचं प्रकरण शेजारी उघडा आणि ताण कुठून सुटतो, कापड कुठे साचतं ते साडीत शोधा. नियम तेच आहेत.

फोटो काढताना दीड-दोन मीटर लांब उभे राहा आणि २एक्स झूम करा. फोनची मुख्य लेन्स रुंद असते. हातभर अंतरावरून चेहरा टिपला तर नाक मोठं, कान मागे गेलेले येतात आणि पुस्तकातलं प्रमाण खोटं वाटतं. पूर्ण उभा माणूस टिपताना फोन छातीपाशीही नको, कमरेच्या उंचीवर सरळ धरा. वर-खाली कलवलात तर उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात.

इंटरनेटवरचे दुसऱ्याचे फोटो घरच्या सरावाला ठीक. त्यावरून केलेलं चित्र विकायचं किंवा स्पर्धेला पाठवायचं असेल तर फोटोग्राफरची परवानगी लागते. यंत्राने बनवलेली चित्रं संदर्भ म्हणून टाळा: बोटांची संख्या आता बरोबर असते, पण खांदा बरगड्यांवर बसत नाही आणि सावल्या दोन दिव्यांच्या असतात. रचना शिकणाऱ्याला हे ओळखू येत नाही, तीच अडचण.

८. ग्रेड परीक्षा देणाऱ्यांसाठी दोन ओळी

एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी मुख्यतः या मोठ्या पुस्तकांवर करू नका. संकल्पचित्र, अक्षरलेखन आणि कर्तव्य भूमितीला सरावपुस्तिका आणि जुन्या प्रश्नपत्रिकाच लागतात. वस्तुचित्राला लंबवर्तुळाचं प्रकरण आणि स्मरणचित्राला आठवणीतून काढायची वरची सवय, एवढं मात्र थेट उपयोगी पडतं. स्मरणचित्रातल्या माणसांचे पाय हवेत तरंगतात ते क्षितिजरेषा न ठरवल्यामुळे: तुम्ही आणि ती माणसं सपाट जमिनीवर उभी असाल आणि उंचीने सारखी असाल, तर जवळच्या-लांबच्या सगळ्यांची डोकी त्याच रेषेवर येतात. बदलते ती पायांची जागा.

९. दुसरं पुस्तक कधी

पहिल्यातली पंधरा पानं तीस अंशांच्या परीक्षेत उतरली की. त्याआधी घेतलेलं दुसरं पुस्तक पहिल्याचं काम थांबवतं, कारण प्रत्येक लेखकाची डोकं बांधायची रीत निराळी असते. कुणी गोळ्याच्या बाजू कापून घेतो, कुणी थेट ठोकळ्याने सुरू करतो, आणि दोन्ही अर्धवट शिकली की कानाची जागा दर वेळी हलते. दुसरं घेताना चित्रांच्या कडेची टिपणं सोबत न्या. हातांवर अडत असाल तर हातांचं, घरं वाकडी येत असतील तर पर्स्पेक्टिव्हचं. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख आणि पान क्रमांक लिहून ठेवा, आणि तीन महिन्यांनी पहिलं पान पुन्हा काढून नव्या-जुन्या दोन्ही चित्रांवर तीच ओएचपी शीट ठेवा (ती तेवढी पुसू नका).